ग्लोव्ह कडकच परत पाठवतेय

प्रिय खारूताई,

पार्सल परवा मिळालं. खोका कुठे दबलेला नाही, चिकटपट्टी शाबूत होती. आतली तुझी चिठ्ठीही वाचली, तिच्याबद्दल शेवटी लिहिते. आधी तुझ्या महिन्यापूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. तू विचारलं होतंस की सॉफ्टबॉलचा एवढा महागडा ग्लोव्ह धाकट्या लेकीला घेण्यात काही अर्थ आहे का, तुला चामड्यातलं कळतं म्हणून तूच सांग. मी काय केलं, तर गुडघेदुखी, जिन्यातला बंद दिवा, शेजारणीचं मांजर, असलं काहीबाही लिहून वेळ मारून नेली. दोनदा फोन केलास, तर दोन्ही वेळा दूध उतू जातंय म्हणून ठेवून दिला. घरात दूध नव्हतंच. शेवटी कंटाळून तू तो घेऊनच टाकलास आणि आता इकडे पाठवलास.

काल खिडकीपाशी बसून ग्लोव्ह नीट पाहिला. माल चोख आहे. तीस वर्षं बॅगांच्या कारखान्यात शिवण मारली, एवढं तर बोट फिरवून कळतं. कड जाड, टाके एकसारखे, अंगठा आणि बोटांच्या मधली जाळी ज्या वादीने विणलीय ती चामड्याची वादी कोरडी आणि चिवट. आणि कडक किती म्हणशील, तर माझ्या दोन्ही हातांनी तो मिटेना. तुझाही असाच होता.

तुला खारूताई नाव कोणी ठेवलं आठवतं का? मीच ठेवलं. चार वर्षांची असताना ओट्यावरून कप घसरला की तू खाली तो दोन्ही हातांत धरून उभी असायचीस. माझ्या हातून सुटलेलं रीळ कधी जमिनीला लागू दिलं नाहीस. तुझे बाबा मुद्दाम लिंबं उडवायचे, आणि तू बोलता बोलता, त्यांच्याकडे न बघता झेलायचीस. हे सगळं मी उगाच उगाळत नाहीये. पुढचं वाचताना हे लक्षात ठेव.

तू पंधराची झालीस आणि सॉफ्टबॉलची निवड चाचणी आठवड्यावर आली, तेव्हा बाबांनी सायकलसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तुला तो ग्लोव्ह आणला. पोरीचे हात चांगले आहेत, हत्यारही चांगलं हवं, एवढंच म्हणाले. दुकानात मी बरोबर होते. दुकानदार म्हातारा, सावकाश बोलणारा. तो म्हणाला, "बाई, हा आत्ता कडकच राहू द्या. पोरीला रोज चेंडू झेलू दे, पाचसहा महिन्यांत तिच्या हाताप्रमाणे बसेल. तेल लावलंत तर थेंबभर." मी मान डोलावली आणि बाहेर येऊन हसले. म्हटलं, हा विकणारा, मी शिवणारी, मला चामडं शिकवतोय. आमच्या कारखान्यात बॅग मऊ नसेल तर मुकादम ती परत टाकायचा. मऊ म्हणजे उत्तम, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. नाकाने कांदे सोलायची माझी सवय तुला ठाऊक आहेच.

तुमच्या खेळाच्या सरांनी चाचणीला जुनाच ग्लोव्ह वापर म्हणून बजावलं होतं. तूही तयार होतीस. मीच हट्टाला पेटले. बाबांनी एवढा आणलाय आणि पोरगी फाटका घेऊन उभी राहणार, हे मला बघवेना. रविवारी गच्चीत बसले. तेल कोमट केलं, वाटीभर तरी असेल, आतून-बाहेरून चोळलं. उन्हात ठेवलं, परत चोळलं, लाकडी मोगरीने ठोकलं. वाद्यांनाही तेल पाजलं. तू शेजारी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत बसली होतीस. संध्याकाळी ग्लोव्ह पोळपाट पुसायच्या फडक्यासारखा मिटला, आणि तू मला मिठी मारलीस. तेलकट हातांनी मी तुझी पाठ थोपटली, फ्रॉकला डाग पडला. मी खूप खूश होते गं.

चाचणीच्या दिवशी मी कुंपणाला चिकटून उभी होते. पहिला चेंडू तुझ्याकडे जोरात आला. तू बरोबर जागी होतीस, हात बरोबर उघडला होतास, मी स्वतः पाहिलं. ग्लोव्हची बोटंच मागे लवली आणि चेंडू खाली पडला. दुसराही तसाच. तिसऱ्याला जाळीची वादी तुटली आणि चेंडू आरपार गेला. पोरी हसल्या. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मला कुंपणाबाहेरच कळून चुकलं की हे कोणी केलंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण माझं आणि भोगलंस तू.

घरी आल्यावर तू विचारलंस, आई, ग्लोव्हमध्ये काही बिघडलं होतं का? त्या वेळी मला खरं बोलता आलं असतं. बाबा समोर बसले होते, नुकते कामावरून आलेले. त्यांच्यासमोर माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "चेंडू हात झेलतात, ग्लोव्ह नाही." हे वाक्य मी उच्चारलं, माझ्याच तोंडाने. तू हात धुवायला गेलीस. दुसऱ्या दिवशी तू शाळेत असताना मी चामडं टोचायची आरी घेऊन बसले, तुटलेली वादी काढली आणि नवी कोरडी ओवली, म्हणजे कोणी पाहिलं तरी कळू नये. तू तो पुन्हा हातात घेतलाच नाहीस. सरांनी निरोप धाडला होता, पुढच्या वर्षी ये म्हणून. तू गेली नाहीस. मी तोंडात मूग धरून बसले. बाबा जाईपर्यंत त्यांनाही सांगितलं नाही.

त्यानंतर बशी फुटली तरी तू हसत म्हणायचीस, माझ्या हातात काही टिकतच नाही. लग्नानंतर जावयांनाही तेच सांगितलंस, गंमत म्हणून. मी पण हसायचे. इतकी वर्षं मी त्या विनोदाला हसत आलेय, याची मला फार लाज वाटते. मागच्या पत्रात तू लिहिलंस, धाकटीचे हात माझ्यावर गेलेत, तिला महागडा काय नि स्वस्त काय, तेव्हा मात्र ते पत्र माझ्याच्याने पुरं वाचवलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, पैसे वसूल होतील. स्वस्तातला पहिल्या दिवसापासून मऊ असतो आणि वर्षभरात पोतेरं होतो. हा कडक असतो, तक्रारी करायला लावतो, पण ज्याच्या हातात राहील त्याच्या हाताचा होतो. घाई केली की मात्र अति तिथे माती. तोवर धाकटीने सामन्याला जुनाच न्यावा. आणि तिचे हात तुझ्यावर गेले असतील तर माझ्याइतका आनंद कोणालाच होणार नाही.

आता तुझी चिठ्ठी. तू लिहिलंयस, "आई, माझा केला होतास तसाच हाही मऊ करून दे. खेळाचं काही झालं नाही, पण तू दिवसभर उन्हात बसली होतीस ते मी कधी विसरले नाही. तिच्या ग्लोव्हलाही तुझा हात लागू दे." परवापासून तेलाची बाटली टेबलावर आहे, झाकण उघडलेलं नाही. हे पत्र त्याचसाठी लिहिलं. ग्लोव्ह जसा आला तसाच परत पाठवतेय. खोक्यात कागदाच्या पुडीत एक तुटलेली वादी आहे, तुझ्या ग्लोव्हची. इतकी वर्षं आरीच्या डब्यात ठेवली होती, टाकवली नाही. बोटांनी दाबून बघ, अजून तेलकट लागते. तो उन्हातला दिवस तेवढाच तुझ्याकडे चांगला उरला होता, तोही मी आज काढून घेतेय. रागावलीस तरी चालेल, पण धाकटीला तुझ्या हातांबद्दल खरं काय ते सांग.

तुझीच, अजून तुझ्या फोनची वाट बघणारी,
आई