विहिरीकडलं वावर

नवी दिल्ली, ऑक्टोबर १९५६

माह्या कोकिळाताईले धाकट्याचा लय लय नमस्कार.

तर तू विचारलं, आनंदाबाई राज्यसभेत जाऊन करतात तरी काय? अवं, सकाळपासून वर्धेकडले लोक दारात! कोणाले गावात टपाल पाहिजे, कोणाले दवाखाना. बाई सगळ्याइले चहा पाजतात आन् मले अर्ज घेऊन ऑफिसाऑफिसात पिटाळतात. मी जेवतो बरोबर, काळजी करू नोको.

उन्हाळ्यात पोरींले बापाच्या इस्टेटीत हिस्सा देणारं बिल पास झालं. बाई त्याच्यावर काय झकास बोलल्या! मी गॅलरीत टाळी वाजवली, तर शिपाई धावूनच आला.

मंग पोळ्याले बाबा आपल्याले सोडून गेले, आन् तुझं पत्र आलं. तू लिहिलं, "रूपरावकाकानं कागद आणला, मी सही करून हिस्सा सोडून देईन, मले माहेर राहू दे म्हणजे झालं." मी बाईले कौतुकानं सांगितलं, "माह्या बहिणीचं मन लय मोठं आहे."

बाई म्हणाल्या, "तिचं आहे रे. तुझं केवढं आहे?"

त्याच रात्री हे पत्र लिहाले बसलो.

ताई, त्या कागदावर सही करू नोको. काका चिडतील, चिडू दे. वावर घेतलं म्हणून माहेर तुटत नाई. दिवाळीले मीच सावंगीले येतो तुले न्यायले. पोराचा खोकला थांबला का?

बाबाच्या वावराचे दोन भाग करू, आन् आधी निवड तुझी. सांग, विहिरीकडलं घेतं का चिंचेकडलं?

तुझाच,
मनोहर