खुलताबादचा चुडीबाजा आणि इतर मालमत्ता यांची व्यवस्था

लिहिणार: रामकिसन सांडू पालोदकर, वय त्र्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त ओव्हरसियर, राहणार औरंगपुरा, औरंगाबाद.

डोळ्यांना चष्मा आहे, उजव्या गुडघ्याला पट्टा आहे, डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. उलट माझी पत्नी आशाबाई "आत्ताच कशाला" म्हणत कागद उचलून ठेवत होती. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे पुढे आणल्यास ते खोटे समजावे.

१. औरंगपुऱ्यातले राहते घर मी नोकरीत असताना स्वतः घेतलेले आहे. थोरले बंधू पुंजाराम यांच्याशी वाटणी पूर्वीच झाली असून त्यांच्या मुलांचा या घरावर हक्क नाही. आशाबाईने हयातीपर्यंत इथेच राहावे. जिना चढवत नाही तर घर विकू या, असे तिला कोणी सुचवू नये, तिला चढवतो. तिच्यानंतर घर आमची मुलगी चतुराबाई, सासर सिल्लोड, हिचे.

२. पोस्टातली व बँकेतली शिल्लक आशाबाईची. तिने ती खर्च करावी, साठवू नये.

३. बारीक पेचकस, चिमटे, स्प्रिंग गुंडाळायची कडी व तेलाची कुपी ही हत्यारे चतुराबाईला द्यावीत. लहानपणापासून ती माझ्याशेजारी बसून स्प्रिंग भरायला शिकली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. जावईबापूंनी त्या पेचकसांनी टेबलफॅन उघडू नये.

४. माझ्याकडे चुडीचे चार बाजे आहेत. तबकड्यांचे ग्रामोफोन येण्याआधी मेणाच्या पोकळ नळीवर आवाज भरत, ती नळी म्हणजे चुडी. चारांपैकी तीन मी जुन्या बाजारांतून तुकड्यातुकड्यांनी जमवले. एकाची पेटी एका यंत्राची आणि झाकण दुसऱ्याचे आहे, एकाचा कर्णा इथल्या बोहारणीकडून आलेला आहे. हे तिन्ही, ज्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग घेईल त्याला द्यावेत. मात्र कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा, ते प्रत्येकावर चिठ्ठी लावून लिहावे. बदललेला भाग मला खुपत नाही. बदलून न सांगणे खुपते.

५. चौथा बाजा खुलताबादचा. त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

पोलीस ॲक्शननंतर तिसऱ्या वर्षी मी खुलताबादकडे कालव्याच्या मोजणीला होतो. तिथे शफीभाई राहत. निजामाच्या करोडगिरी, म्हणजे जकात, नाक्यावरची त्यांची नोकरी गेली होती आणि घरातल्या वस्तू एकेक करून बाहेर जात होत्या. त्यांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेला बाजा त्यांनी मला दाखवला. त्यांना पैसे नको होते, शिलाईचे यंत्र हवे होते. बायको कपडे शिवणार होती. मी इथून यंत्र नेऊन दिले आणि बाजा घेतला. पुढे त्या यंत्रावर त्यांचे घर उभे राहिले.

बाजाबरोबर एक तपकिरी चुडी होती. त्या काळी घरच्या घरी आवाज भरता येई. शफीभाईंची आई जोहराबी हिला कर्ण्यासमोर बसवले, तेव्हा काय बोलावे ते तिला सुचेना. म्हणून ती रोजच्यासारखी मुलांना जेवायला हाका मारत सुटली. आधी चारी मुलांची नावे, मग "शफी, हात धोके आ," आणि शेवटी "रोटी ठंडी हो री." एवढेच. चुडी माझ्या हातात देताना शफीभाई म्हणाले, "साहेब, सालमें एकबार बजाव. मेण है, घिसता."

मी ते पाळले. बाजाचा मूळ कर्णा त्यांच्याकडेच फुटला होता आणि गावातल्या टिनवाल्याने पत्र्याचा करून दिला होता. पुढे मुंबईत मला तसाच काळा मूळ कर्णा सापडला. तो मी बसवला आणि पत्र्याचा माळ्यावर ठेवला. पेटीवरचा आकडा, चावी, स्प्रिंग, आवाजाची डबी, सगळे त्याच यंत्राचे. चुडीवर सुई टेकवून आवाज काढते ती ही डबी. बाजाचा जीव तीच. असा पूर्ण बाजा मराठवाड्यात दुसरा मी पाहिलेला नाही.

६. पुंजारामचा मुलगा बन्सी वेरूळच्या रस्त्यावर परदेशी पाहुण्यांसाठी जुन्या वस्तूंचे दुकान चालवतो. त्यातल्या पुष्कळ वस्तू त्याच्याच मागच्या खोलीत जुन्या होतात. बाजे अस्सल असल्याचे मी लिहून द्यावे, असा त्याचा आग्रह होता. मी नाही म्हणालो.

"काका, गिऱ्हाइकाला वाजल्याशी मतलब. आतला पुर्जा कोण बघतंय?"

"मी बघतो," मी म्हणालो.

"तुमच्यासारखे लई नाय ना."

मी मोतीबिंदूसाठी दवाखान्यात असताना तो घरी आला. काकांनी बाजाला तेल घालायला सांगितलंय, असे आशाबाईला म्हणाला आणि बाजा घेऊन गेला. परत आणला तेव्हा वरून सगळे जागच्या जागी होते. डबी मात्र बन्सीने चोरली. तिच्या जागी दिसायला तशीच, पण पुढच्या काळातल्या कडक चुड्यांसाठी केलेली जड डबी बसवली.

त्याच हिवाळ्यात शफीभाईंची मुलगी जहांआरा आली. ती खुलताबादला उर्दू शाळेत शिकवते. आजी तिच्या जन्माआधीच गेलेली. वडील वारल्यावर तिला आजीचा आवाज ऐकायचा होता. मी चावी दिली, चुडी चढवली, सुई टेकवली. कर्ण्यातून नुसती खरखर आली. चुडीखाली तपकिरी भुगा पडताना जहांआराने माझ्याआधी पाहिला.

"साहेब, वो क्या गिर रा?"

मी सुई उचलली. तोपर्यंत नावे गेली होती. शफीची हाक गेली होती. शेवटचे तीन-चार शब्द राहिले.

तिने भुगा पदराच्या टोकाने टिपून घेतला, चहा घेतला आणि गेली. माझ्याने जिन्यापर्यंतही जाववले नाही.

बन्सीच्या दुकानात एका परदेशी जोडप्याचा बाजासह फोटो लावलेला आहे. त्या बाजावर माझी डबी आहे. तिच्या काठाला पोचा आहे, तो मी ओळखतो. बन्सी म्हणाला, "तशा डब्या लई असतात, काका." आजतागायत त्याचे म्हणणे तेच आहे. बन्सीला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. त्याच्या मुलांवर माझा राग नाही.

७. बरोबर जातीची डबी मिळायला पाच वर्षे गेली. ती या यंत्राची नाही, दुसऱ्या यंत्राची आहे, हे इथे नमूद करतो. ती बसवून मी जहांआराला बोलावले. ती आली, पण चुडी लावण्याआधी तिने विचारले, "हमारा भोंगा कां है?"

मी मूळ कर्ण्याचे महत्त्व तिला समजावून सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वो असली होगा साहेब, पर हमारे घर का नै. हमारे भोंगेमें बिल्ली का बच्चा सोता था."

मी माळ्यावर चढलो. आशाबाईने शिडी धरली. पत्र्याचा कर्णा लावून आम्ही तिघांनी उरलेले ऐकले. बाई दूरच्या खोलीतून बोलते तसे वाटले: रोटी ठंडी हो री. जहांआराने त्या हाकेला ओ दिली, "हौ, आरै." पुन्हा लावायला मी तयार होतो. तिनेच नको म्हटले.

तो बाजा, पत्र्याचा कर्णा व तपकिरी चुडी जहांआरा बेगम हिला द्यावी. ही भेट नव्हे. परत करणे समजावे. चुडी वाजवायची की ठेवायची, ते तिने ठरवावे. माझी अट नाही. काळा मूळ कर्णा महाविद्यालयाला द्यावा.

८. दहावे, तेरावे आशाबाईच्या मनाप्रमाणे करावे. भाषणे नकोत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी चतुराबाईने करावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना पूर्ण वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. दुसरा साक्षीदार म्हणून बन्सीला मी मुद्दाम बोलावले. त्याला यातून काही मिळत नसल्याने त्यास अडचण नाही. तो येईल असे आशाबाईला वाटत नव्हते.

सही: रामकिसन सांडू पालोदकर

साक्षीदार:
१. कमरोद्दीन इब्राहिम बागवान, शेजारी, औरंगपुरा. (सही)
२. बन्सी पुंजाराम पालोदकर, पुतण्या, मुक्काम वेरूळ. (सही)

औरंगाबाद, दिनांक १४ फेब्रुवारी १९९६

दुरुस्ती: कलम ६ मधील "चोरली" या शब्दाऐवजी "काढून नेली" असे वाचावे. ही दुरुस्ती साक्षीदार क्रमांक दोन यांनी सही करण्यापूर्वी सुचवली. मी मान्य केली. त्या कलमातील बाकीच्या मजकुरावर त्यांची हरकत नाही.

(सही) रा. सां. पालोदकर
(सही) बन्सी पालोदकर