पंढरीच्या स्पीकरचं पत्रक

मुदखेड,
दि. १२ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. सिंधुस,
भुजंगदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. लातूरला नळ आठ दिवसांनी येतो हे वाचून जीव कळवळला. जिल्हा झाला, कलेक्टर आला, पाणी मात्र जुन्याच तालुक्याचं राहिलं म्हणायचं. इकडे आमच्या आडानंही तळ दाखवलाय. अंघोळीचं पाणी पारिजातकाला घालतो आणि त्याला जुन्या क्रमिक पुस्तकातल्या कविता म्हणून दाखवतो. हसू नकोस, त्याला कळतात.

मुख्य गोष्ट ही की पंढरीच्या स्पीकरचं माहितीपत्रक छापून झालं. नांदेडच्या छापखान्यात स्वतः बसून प्रुफं तपासली. पाचशे प्रती एस.टी.नं पाठवल्यात. तुझ्या लेकानं पाठवलेला मजकूर म्हणजे किराणा दुकानाची यादी होती ग. पेटी सागवानी, तारा तांब्याच्या, बारीक आवाजाच्या ट्वीटरमधला पडदा धातूचा. एवढ्यावर कोण कान देईल? दिवाळीत तो बोलता बोलता म्हणाला होता की मुंबईचा व्यापारी त्या पडद्याला टायटॅनियम म्हणतो. तो शब्द माझ्या कानात घुमत राहिला होता. मग एका पहाटे ओळ सुचली: अस्सल टायटॅनियमच्या पडद्यावर सूर असा थरथरतो, जसा अळूच्या पानावर दवाचा थेंब.

तीस वर्षं कवितेचा तास घेतला तो वाया गेला नाही. काही प्रती माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनाही चिठ्ठीसह धाडल्यात. पंढरीला म्हणावं, मामाला मजुरी नको, एकदा येऊन रेकॉर्ड ऐकवून जा.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा


लातूर,
ता. २ मार्च १९८७

ती. दादास,
सिंधुचा शि. सा. न. वि. वि.

पत्रकाचा गठ्ठा पोचला. मी तर वाचून गार झाले. शेजारच्या महादेवीबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, हे स्पीकरचं हाय का लग्नपत्रिकेचं? दादा, तुम्हाला म्हातारपणी लई सुचून राहिलंय.

पंढरीनं गठ्ठा सोडला, एक पत्रक वाचलं. मला म्हणाला, आई, मामांना एक गोष्ट विचारायची हाय. मी म्हटलं विचार की, कार्ड लिही. मग म्हणाला, राहू दे, त्यांनी स्वतः बसून छापून घेतलंय, आता मोठ्या माणसाला काय विचारायचं. काय ते मला न्हाई कळलं. दोन दिवस गठ्ठा कपाटावर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी दुकानात नेला.

नव्या जिल्ह्याचं उद्योग प्रदर्शन जूनमध्ये हाय, तिथं त्याला गाळा मिळाला. लातूरचा माणूस मुंबईच्या तोडीचे स्पीकर बनवतो म्हणून लोक नाव घेऊ लागलेत. तुमची एक विद्यार्थिनी, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पंचशीला, पत्रक हातात घेऊनच आली आन् जोडी घेऊन गेली. लई गोड पोरगी. चिठ्ठीवरचं गुरुजींचं अक्षर ओळखलं म्हणाली.

टँकर आला वाटतं, कळशा घेऊन पळते. रागावू नका, अक्षर वाकडं झालंय.
तुमची,
सिंधु


विष्णुपुरी,
१९ एप्रिल १९८७

आदरणीय गुरुजी,
सविनय जय भीम.

उमरीच्या शाळेत सातवी ब मध्ये खिडकीशेजारी बसणारी पंचशीला तुम्हाला आठवते, हे तुमच्या चिठ्ठीवरून कळलं. मी इथं प्रयोगशाळेत सहायक आहे. आमचे अण्णा रेल्वेत गँगमन होते आणि भीमगीतं गायचे. ते गेले, पण त्यांच्या आवाजाची एक कॅसेट आहे. ती नीट ऐकता यावी म्हणून मी स्पीकर शोधत होते. तेवढ्यात तुमचं पत्रक आलं.

गेल्या आठवड्यात एक ट्वीटर बंद पडला. मी उघडला. पडदा फाटला होता. त्याचा नखाएवढा तुकडा कापून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकला. टायटॅनियमला त्या पाण्यानं काही होत नाही. माझ्या तुकड्यावर बुडबुडे आले आणि दहा मिनिटांत तो विरघळून गेला. तीनदा करून पाहिलं. पडदा अल्युमिनियमचा आहे.

गुरुजी, आवाजाबद्दल तक्रार नाही. गाण्याच्या मधला अण्णांचा खोकलासुद्धा स्वच्छ ऐकू येतो. अल्युमिनियम लिहिलं असतं तरी मी कदाचित हेच घेतले असते. पण दुकानदाराचं म्हणणं असतं तर मी आधी तपासलं असतं. तुमचं होतं म्हणून नाही तपासलं. आता कॉलेजातले दोघं-तिघं तेच पत्रक घेऊन लातूरला निघालेत आणि त्यांना काय सांगावं ते मला कळत नाही.

ते वाक्य कुणाचं, एवढंच कळवावं.
आपली विद्यार्थिनी,
पंचशीला


मुदखेड,
दि. २४ एप्रिल १९८७

चि. पंचशीलास,
सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मन विषण्ण झालं. उमरीचे ते दिवस आठवले. पावसाळी हवा, गळकं छप्पर आणि तुमच्या वर्गाचा तो एकसुरात उठणारा आवाज. तसे श्रोते पुन्हा मिळाले नाहीत.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मी केवळ भाषा सजवली, माहिती पंढरीची. भाचा आहे म्हणून मी त्याला पाठीशी घालणार नाही. तो धंद्यात नवा आहे, नव्या जिल्ह्यात नाव काढायची घाई आहे, मोहात पडला असेल. अशा वेळी कान उपटणारं कुणीतरी हवं. तू जाऊन त्याला खुशाल जाब विचार. माझं हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

तब्येतीला जप. उन्हाळा फार आहे.
तुझा,
भुजंग गुरुजी


लातूर,
ता. ३० मे १९८७

ती. दादास,
सिंधुचा नमस्कार.

महिनाभर लिहिलं न्हाई. लिहावं का, हेच ठरत नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती पंचशीला दुकानात आली होती. भांडली न्हाई. तुमचं पत्र पंढरीच्या हातात दिलं. पंढरीनं ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आन् म्हणाला, हाव, माझीच चूक. तिनं मागितलं न्हाई तरी कागदावर लिहून दिलं, की पडद्याचं खोटं मीच लिहिलं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचा गाळाही आपणहून सोडला. आता बाजारात त्याला टायटॅनियमवाला म्हणतात. परवा धान्याच्या मोंढ्यात किशनराव आडत्यानं हाक मारली, या टायटॅनियमवाले, चहा अस्सल हाय आमचा. सगळे हसले. पंढरी चहा पिऊन आला. मला हे महादेवीबाईंकडून कळलं, त्यानं सांगितलं न्हाई.

दादा, तुम्हाला ठाऊक न्हाई, पंढरी कुणालाही पत्र लिहिताना खाली कार्बन ठेवतो. दुकानाची सवय. काल कपाट झाडताना जानेवारीची वही सापडली. तुम्हाला पाठवलेल्या मजकुराखाली त्यानं लिहिलंय: मामा, पडदा नुसता धातूचा लिहा. व्यापारी टायटॅनियम म्हणतो, पण माझी खात्री न्हाई, तेव्हा तो शब्द घालू नका.

मी त्याला विचारलं, हे त्या पोरीला का न्हाई दाखवलंस? तर म्हणाला, मामांनी मला पाटीवर हात धरून लिहायला शिकवलं, त्यांच्या विद्यार्थिनीपुढं त्यांना खोटं कुठं पाडू. आन् म्हणाला, छापलेलं वाचून मी गप बसलो, पत्रकं वाटली, तेवढी माझीबी चूक हायच. वर मला शपथ घातली, मामांना कळवू नको.

मी शपथ मोडली. तुम्ही मोठे, मी काही बोलत न्हाई. त्यानं नवं पत्रक स्वतःच लिहिलंय, ते सोबत ठेवलंय. तुमच्याकडून लिहून घेऊ का म्हटलं, तर नको म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका.
सिंधु


मुदखेड,
दि. ४ जून १९८७

चि. पंढरीस,
आशीर्वाद लिहिण्याआधी थांबलो. ते या वेळी राहू देत.

तुझी चिठ्ठी मला मिळाली होती आणि मी ती वाचली होती. विसरलो, असं तुझ्या आईला लिहून टाकावं असा विचार काल दिवसभर केला. म्हातारपण हाताशी आहे, कुणीही मान्य केलं असतं. पण विसरलो नव्हतो. तो शब्द घालू नका हे वाचलं आणि मनात म्हटलं, पोराला लिहिण्यातलं काय कळतं. तो शब्द काढला की माझी ओळ लंगडी होत होती. ओळीसाठी घातला. अळूचं पान आणि दव मला पडद्याहून खरं वाटत होतं.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढचं नाही. पंचशीलानं सरळ विचारलं तेव्हा मी विचार करून तुझं नाव लिहिलं. मोहात पडला असेल हे वाक्य तर मला बरंही वाटलं होतं. तू ते दोनदा वाचलंस असं तुझी आई लिहिते. कुठल्या ओळीशी थांबून तू पुन्हा वरून वाचायला लागलास, हा विचार मनातून जात नाही.

मुलांच्या निबंधात न पाहिलेलं वर्णन आलं की मी लाल शाईनं खोडत असे. उमरीत पंचशीलाचाही एक परिच्छेद असाच खोडला होता. तिनं न पाहिलेल्या समुद्राबद्दल लिहिलं होतं. रडली होती ती. आज तिला सगळं लिहून कळवलं, तेव्हा तेही लिहिलं. तिच्या उत्तराची वाट बघण्याचा मला अधिकार नाही.

तुझं नवं पत्रक वाचलं. पडदा अल्युमिनियमचा आहे, आधी टायटॅनियम छापलं ते चूक होतं, ज्यांनी ते वाचून स्पीकर घेतले त्यांनी परत आणावेत. सवयीनं लेखणी हातात घेतली होती. तुझी दोन वाक्यं जोडून एक छान होईल असं वाटलंही. लेखणी ठेवून दिली. त्यात माझा हात नको.

फक्त एक ओळ वाढव. ही विनंती नाही. तू छापली नाहीस तर मी सोमवारच्या एस.टी.नं येऊन दुकानाच्या दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. किशनरावांच्या आडतीतही जाईन, ते काय म्हणायचं ते मला म्हणू देत. ओळ सकाळपासून लिहितोय. आधी अर्धं पान झाली होती. त्यात माझं वय होतं, उमरीची शाळा होती, भाषेवरचं प्रेम होतं. एकेक काढत गेलो. आता एवढीच उरली आहे:

टायटॅनियम हा शब्द पंढरीने नको म्हटले असताना मी घातला, आणि विचारल्यावर त्याच्यावर ढकलला. भुजंग गुरुजी, मुदखेड.

लोभ असावा असं नेहमी लिहितो. आज ते लिहायला हात धजत नाही.
मामा