निळी गाडी कोणाची, आणि तिला कोणी हात लावायचा नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार शिकवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझा उजवा पायही ठिकाणावर आहे. पायाचे कोणी मृत्युपत्रात लिहीत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझ्या थोरल्याने चारचौघांत जे पसरवले त्यामुळे लिहावे लागत आहे.

१. राहते घर मी गाडी शिकवून बांधले. "बाईकडे कोण शिकायला येणार?" असे यजमान म्हणायचे, पुढे त्याच घरात सुखाने राहिले. ते घर माझ्या पश्चात लेकीचे. थोरल्याने पाहुणा म्हणून यावे, चहा घ्यावा, निघावे.

२. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. थोरल्याला देताना हात आखडतो, पण जन्म मीच दिला, आता काय करता!

३. निळी गाडी. मी पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते तेव्हा थोरल्याने ती घरी धुतली. आईवरच्या मायेने नव्हे, गिऱ्हाईक बघायला येणार होते. आई खाटेवर आणि चिरंजीव सौदा करतायत! भर उन्हात तापलेल्या बॉनेटवर भांड्यांचा साबण ओतला, तो तिथेच वाळून डाग पडले. चाके पुसली त्याच फडक्याने छत पुसले, रेतीने गोल गोल ओरखडे उठले. ते बघून गिऱ्हाईक परत गेले, बरे झाले. आणि आत चकाकी यावी म्हणून या शहाण्याने डॅशबोर्डचे पॉलिश दिसेल त्या रबराला फासले. ब्रेकच्या पेडललासुद्धा.

बरी झाल्यावर मी गाडी काढली. फाटकाशी ब्रेक दाबला, पाय सटकला, फाटक आडवे. थोरला धावत आला. लागले का, हे विचारले नाही. म्हणाला, "आई, आता तुझं वय झालं. किल्ली दे इकडे." मी पेडलवरून बोट फिरवून त्याच्या नाकासमोर धरले. "हे काय आहे?"

"काहीतरीच काय! धूळ असेल."

धूळ! धुळीने बोट बुळबुळीत होते का? त्या दिवसापासून किल्ली त्याच्या खिशात, आणि नातेवाइकांत मी 'फाटकवाली'. अर्धे शहर माझ्या शेजारी बसून गाडी शिकले, आणि मी फाटकवाली! याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही, मेल्यावरही करणार नाही. ती किल्ली त्याने खुशाल जपून ठेवावी. गाडीचे कुलूप मी बदलून घेतले आहे.

४. सबब गाडी लेकीला. पण लेकही कामचुकार आहे, म्हणून अटी. गाडी सावलीत लावून, बॉनेट गार झाल्यावरच धुवायची. आधी नुसते पाणी सोडून रेती घालवायची. चाके पहिल्यांदा, त्यांची बादली आणि फडके वेगळे. ते फडके दुसरीकडे लागता कामा नये. मग गाडीचाच शांपू, वरून खाली, सरळ हाताने. वाऱ्यावर वाळू द्यायची नाही. मऊ कोरडे फडके ठेवून पाणी टिपायचे, दारांच्या कडांतलेसुद्धा. आत ओलसर फडके पुरे. पेडलला किंवा स्टिअरिंगला पॉलिशचा थेंब लावलास तर माझ्याशी गाठ आहे.

५. मला शेवटचे नेताना थोरल्याने गाडी चालवू नये. त्याने मागे बसावे आणि तोंड बंद ठेवावे.

६. "आईचं डोकं फिरलंय" म्हणत तो कोर्टात गेलाच, तर साक्षीदार काय म्हणतात ते आधी वाचावे.

ठिकाण: नोंदणी कार्यालय. दिनांक: ९ मार्च.
सही: मोटार शिकवणाऱ्या बाई

साक्षीदार:
१. बाईंचे ऑपरेशन केलेले डॉक्टर (सही)
२. शेजारची शिंपीण (सही)

दोघांचे निवेदन: बाईंनी आमच्यादेखत सही केली. आम्हाला इथवर त्यांनीच गाडीतून आणले. निघताना त्यांचे थोरले चिरंजीव हात पसरून फाटकात उभे राहिले. गाडी त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर जागच्या जागी थांबली. बाई म्हणाल्या, "बघितलंस? आता हो बाजूला." ते झाले.