सावरकोंड कुठल्याच बटणात नाय

३ फेब्रु., मंगळ.
मोबाईलवरच्या गावच्या ग्रुपचं नाव बदलणार. आतापर्यंत होतं मधलीवाडी-सावरकोंड. मधल्या वाडीतला चुलत पुतण्या सुनील मुंबईतून ग्रुप चालवतो, त्याने पोल टाकला. नाव निवडा: मधलीवाडी परिवार, मधलीवाडी ग्रामस्थ, आपली मधलीवाडी. सुनेला दोनदा वाचायला लावलं. आमचं सावरकोंड कुठल्याच बटणात नाय. जेवायला बोलावलं नि तीन वाट्यांत एकच आमटी.
जे ठरेल तेच पुनर्वसनाच्या नव्या घरांच्या कमानीवर लिहिणार म्हणे.

४ फेब्रु.
सुनीलला फोन.
"आमच्या वाडीचं नाव का नाय टाकलंस रे?"
"काकी, सावरकोंडात आता राहतं कोण?"
"नि मधल्या वाडीत तू राहतोस काय? घाटकोपरला राहतोस मेल्या."
हसला. बहुमत बघू म्हणाला.
राहतं कोण, ते खरं. डोंगर खाली आला त्यात घर गेलं, गोठा गेला, हे गेले. उरलेले आम्ही हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये. नाव तेवढं राहिलेलं. ते खायला मागत नाय, तरी खुपतंय.

५ फेब्रु.
बघितलं बहुमत. सुनीलच्या घरात चार फोन, चार मतं. त्याच्या बायकोला गावची वाट माहीत नाय, तिचं पण मत. गावकीत घरटी एक माणूस बोलतो. इथं घरटी चार अंगठे.

८, रवि.
शेडमधले सगळे माझ्या दारात. दीर दिनूभाऊजी म्हणाले, वहिनी, काय करायचं?
गावकीत एक घर जरी उठून गेलं तरी बैठक मोडते. ठराव होत नाय. मग तेच मागं येतात, समजूत काढतात, बसवतात. मी म्हटलं, उठा.
सगळ्यांनी ग्रुप सोडला. सुनेने माझ्या फोनातून पण सोडला. चहा केला सगळ्यांना. आता येतील मागं.

९
कोण आलं नाय.

११
सून एमआयडीसीत पॅकिंगला जाते. तिच्या पाळीला मधल्या वाडीची एक बाई हाय, तिने फोन दाखवला. नाव बदललं, म. परिवार. खाली सुनीलने लिहिलंय, एकमताने मंजूर, कुणाचाही विरोध नाही.
खोटं नाय त्यात काय. विरोधवाले उठून गेले होते. फोनात कोण उठलं तर बैठक मोडत नाय, जागा मोकळी होते.
भाऊजी म्हणाले, वहिनी, तुम्हीच उठवलंत.
होय म्हटलं. मेथी निवडत बसले. काय वाटलं नाय. वाटायला पाहिजे होतं.

१३
सुनीलचा फोन. "काकी, रुसवा सोडा. लिंक पाठवलीय, दाबा की आत. घरांच्या चिठ्ठ्या कधी काढणार ते ग्रुपवरच कळवणार हाय."
"नावाचं काय?"
"ते आत आल्यावर बोलू."
"मेल्या, आत आले की मी पण एकमतातली."
फोन ठेवला.
सून म्हणते, आई, घर पाहिजे ना आपल्याला. पाहिजे. उन्हाळ्यात हा पत्रा म्हणजे...

१४
भाऊजींनी दाबलं. सुनेने दाबलं, मला सांगून. तिला बोलले नाय काय. पोरंबाळं हायत. शेडमध्ये आता मी एकटीच बाहेर. माझी लिंक पडून हाय. सकाळपासून कंबर धरलीय.

१६, सोम.
नव्या घरांकडे चालत गेले. कमान उभी झालीय. पेंटर शिडीवर, पांढरा हात मारत होता.
"काय लिहिणार रे वर?"
"नाव अजून आलं नाय, आजी. मुंबईवाले पाठवणार."
"मी सांगते."
सांगितलं. ब्रश थांबवून ऐकलं त्याने. एकदा स्वतः म्हणून पण बघितलं, सावरकोंड. मग म्हणाला, "चांगलं हाय. पण फोनावर येईल तेच लिहावं लागतं, आजी."
रंग सुकेपर्यंत अक्षरं टाकणार नाय म्हणाला. आज ढग हाय, लवकर सुकायचा नाय.