वरच्या कपारीतल्या काड्या

दादा,

तू उठायच्या आत निघतेय. हे तुला कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून लिहितेय.

ग्रीनहाऊसच्या दगडी भिंतीसाठी काल मोठ्या हौसेनं झाडं निवडून आणली: निळसर चमकणारा बेगोनिया, किडे खाणारी घटपर्णी, नखाएवढ्या फुलांचं ऑर्किड. त्यांना जागा हवी म्हणून वरच्या कपारीतल्या वाळक्या काड्या उपटल्या. तिथला धुक्यासारखं पाणी फवारणारा फॉगर बंद होता, तोही शहाणपणा करून सुरू केला.

मग तिथली मळकी पाटी धुतली, तर आईचं अक्षर: 'वाळलेलं नाही, झोपलंय. पाणी नको, हात नको.' आई गेल्यावरही तू तो फॉगर बंदच का ठेवलास, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

कचऱ्याचा डबा उपसला. एकच काडी मुळांसकट मिळाली. ती दोऱ्यानं परत कपारीत बांधलीय, फॉगर बंद केलाय. जगेल की नाही, माहीत नाही. माझी झाडं हवी तर काढून टाक, पण तिच्याकडे तेवढं बघ.

आईच्या आजारपणात मी एकदाच आले होते, आठवतं? ती झोपली होती. उठवायला नको म्हणून मी तशीच परत गेले.

धाकटी