चिंचेने घासलेला गरुड

आई, आज म्युझियमच्या लॅबमध्ये माझ्या टेबलावर खरीखुरी मूर्ती आली. रोमच्याही आधी इटलीत एट्रुस्कन लोक होते, ते सुरईच्या मुठीखाली पुराणातल्या आकृत्या बसवायचे, त्यातली ही. ब्राँझची, अंगठ्याएवढी, तोंड बाईचं, धड पक्ष्याचं. अडीच हजार वर्षांचा हिरवा थर अंगावर. दिवसभर भिंगाखाली सुईने माती काढत बसले. मॅनेजर म्हणाली, "लव्हली, इझंट शी?" मी मान हलवली. आत काहीच हललं नाही. हल्ली हलतच नाही.

तशीच एक मी इथल्या अँटिक मार्केटमधून घेतली होती, आठवतं? नवी नोकरी, अंगात मस्ती. माझी पारख बघा म्हणून सगळ्यांना दाखवत सुटले होते. तू दिवाळीला मँचेस्टरला आलीस, देव घासायला काढलेस आणि ड्रॉवरमधली तीही चिंच-मीठ लावून लख्ख केलीस. मी कामावरून येते तर ती बाळकृष्णाशेजारी, कपाळाला कुंकू. "अगं, गरुडाला असं हिरवं ठेवतात का? किती अवकळा आली होती बिचाऱ्याला!" तू कौतुकाची वाट बघत उभी आहेस. आणि मी म्हणाले, "अडाणी आहेस तू! कळत नाही तर हात कशाला लावतेस?" तू पदराने मूर्तीचं कुंकू पुसलंस.

चौथ्या दिवशी मी ती लॅबमध्ये भिंगाखाली धरली. खरा थर चिंचेने असा सहज निघत नाही, हे मला, याच कामाचा पगार घेणारीला, आधीच सुचायला हवं होतं. फटींत उरलेलं हिरवं चक्क रंग होता, डिंकात कालवलेला. खाली नवंकोरं पितळ. नक्कल! पिशवीत टाकून ट्राममधून घरी आणली आणि गप्प बसले. एवढी मिरवले होते, आता कुठल्या तोंडाने सांगणार?

तुला परत जायला अजून तीन आठवडे होते. किटलीपाशी उभी राहून तू विचारायचीस, "याला हात लावू का गं?" चमचा घेतानाही. पोटच्या मुलीच्या घरात. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणायचे, "लाव."

पुण्यात तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकणार? लॅपटॉपमध्येच राहील. लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. एवढंच कबूल करते: तू विचारायचीस तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि तू विचारतेस याचं मला बरं वाटायचं.